संगणक रखडतोय? रॅम टाकण्याआधी मर्यादा कुठे आहे ते शोधा

एक पट्टी चार जीबीची होती, शेजारी आणखी एक चार जीबीची बसवली, झाकणाचे स्क्रू लावले आणि मशीन चालू केलं. पडद्यावर ओळ आली: बसवलेली मेमरी ८ जीबी, वापरता येणारी ३.२५ जीबी. पट्टी खराब निघाली असं समजून मी ती दोनदा काढली, स्लॉट बदलून पाहिला, खोडरबराने तिच्या सोनेरी पट्ट्या घासल्या. पट्टी ठणठणीत होती. त्या मशीनवर ३२-बिट विंडोज टाकलेली होती आणि तिला त्याच्या पलीकडचं दिसतच नव्हतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तशातला प्रकार.

हीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख. यात इंजिनिअरिंग फारसं नाही. अर्धा तास, कागद-पेन आणि दोन-तीन खिडक्या उघडून आकडे वाचण्याची तयारी एवढं पुरे.

पायरी १: आधी आकडे उतरवून घ्या

विंडोज १० किंवा ११ असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘अबाउट’. तिथल्या दोन ओळी कामाच्या: ‘इन्स्टॉल्ड रॅम’ आणि ‘सिस्टिम टाइप’. दुसरी ओळ घाईत वाचू नका, कारण तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात ऑपरेटिंग सिस्टिम किती बिटची ते लिहिलेलं असतं, दुसऱ्यात प्रोसेसर कुठल्या घराण्यातला ते. दोन्हीकडे ६४ दिसलं तर ठीक. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असं दिसलं तर चिप ६४-बिटची असून तिच्यावर ३२-बिटची सिस्टिम बसवलेली आहे, आणि एक पैसाही न घालवता सुधारणेला वाव आहे. दुसऱ्या भागात ‘एक्स८६’ असेल तर चिपच ३२-बिटची. ‘एआरएम’ असेल तर ते तिसरंच घराणं, त्याकडे पुढे येऊ.

मॅकवर अॅपलच्या चिन्हाखाली ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. लिनक्सवर बहुतेक डेस्कटॉपमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्येच सगळं मिळतं.

पायरी २: ३२ आणि ६४ची भानगड समजून घ्या

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. प्रोसेसर ‘अमुक क्रमांकाचा बाइट आण’ असं सांगतो आणि काम चालतं. समजा फॉर्मवर घर क्रमांकासाठी दोनच चौकटी छापल्या आहेत. मग गल्लीत दोनशे घरं असली तरी ९९च्या पुढच्या घराला पत्र जाणार नाही. ३२-बिट सिस्टिममध्ये क्रमांकासाठी ३२ चौकटी, आणि प्रत्येकीत शून्य किंवा एक. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ वेगळे क्रमांक तयार होतात. एवढे बाइट म्हणजे बरोबर ४ जीबी.

मग मला ३.२५च का दिसले? कारण हे क्रमांक एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, मदरबोर्डवरची इतर उपकरणं यांनाही प्रोसेसर क्रमांकानेच हाक मारतो. त्यांचे क्रमांक वरच्या टोकाला राखून ठेवलेले असतात. जितकं मोठं ग्राफिक्स कार्ड, तितका रॅमचा वाटा कमी.

हे भांडण जुनं आहे. १९७८ साली आलेल्या इंटेल ८०८६मध्ये क्रमांकाला २० बिट होते, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातला वरचा भाग पडदा आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) यांच्यासाठी राखलेला, म्हणून डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या प्रोग्रामना मिळायचे ६४० केबी. १९८५च्या ८०३८६ने ३२ बिट आणले तेव्हा ४ जीबी म्हणजे अथांग वाटत होते. १९९५च्या पेंटियम प्रोमध्ये तर ३६ बिटचे प्रत्यक्ष पत्ते वापरायची सोय आली, तिला पीएई म्हणतात. तिने ६४ जीबीपर्यंत रॅम जोडता येते, आणि लिनक्स व सर्व्हरसाठीच्या काही विंडोज आवृत्त्यांनी ती वापरलीही. घरगुती ३२-बिट विंडोजने मात्र ४ जीबीची सीमा तशीच ठेवली, कारण त्यापलीकडचे पत्ते दिसले की अनेक ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम, कोलमडत. म्हणजे माझ्या मशीनची अडवणूक चिपने केलेली नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी सावधगिरी म्हणून घेतलेला तो निर्णय होता.

पीसीवर ६४-बिट रुजवलं ते एएमडीने, २००३च्या ऑप्टेरॉनपासून. पुढच्याच वर्षी इंटेलने तीच पद्धत उचलली. आजच्या बहुतेक पीसी चिप पूर्ण ६४ बिट पत्त्यासाठी वापरत नाहीत. प्रोग्रामना दिसणारा पत्ता साधारणपणे ४८ बिटचा असतो, पण त्यातही २५६ टीबी मावतात. त्याची चिंता तुम्ही-आम्ही करायची नाही.

एक गोष्ट दुकानातल्या गप्पांत सहसा येत नाही. एएमडीने पत्ता रुंद केला तेव्हाच प्रोसेसरच्या आतली हाताशी असलेली खणं, म्हणजे रजिस्टर, आठांवरून सोळांवर नेली. प्रोग्रामला दर थोड्या वेळाने किंमत मेमरीत ठेवा, पुन्हा आणा असं करावं लागत होतं, ते कमी झालं. म्हणून रॅम तेवढीच असली तरी काही कामं ६४-बिटवर चपळ होतात. उलट बाजूही आहे. मेमरीतल्या जागेकडे बोट दाखवणारी प्रत्येक नोंद चारऐवजी आठ बाइटची झाली, त्यामुळे तोच प्रोग्राम ६४-बिटवर थोडी जास्त मेमरी खातो. माझं मत विचाराल तर ४ जीबी आणि वर असेल तर डोळे मिटून ६४-बिट. २ जीबीच्या मशीनवर ६४-बिट विंडोज टाकून वेग वाढेल ही आशा सोडा. तिथे हलकं लिनक्स बरं.

तसंही ही निवड फार दिवस आपल्या हातात राहिलेली नाही. विंडोज ११ ३२-बिटमध्ये आलीच नाही. ३२-बिटची शेवटची घरगुती विंडोज म्हणजे विंडोज १०, आणि तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मॅकने २०१९च्या कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं. डेबियन लिनक्सनेही २०२५मधल्या १३व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर दिला नाही.

पायरी ३: चारही दारं तपासा

रॅम स्लॉटपासून तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचताना चार दारांतून जाते: प्रोसेसर, मदरबोर्ड, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तो प्रोग्राम. सगळ्यांत अरुंद दार असेल तेवढंच आत येणार.

प्रोसेसर आणि सिस्टिम पाहून झाले. बोर्डाचं दार लोक विसरतात. कोअर २ ड्युओच्या काळातले अनेक लॅपटॉप इंटेलच्या ९४५ मालिकेच्या चिपसेटवर (प्रोसेसर, रॅम आणि उपकरणं जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपांवर) होते. चिप ६४-बिट, वर ६४-बिट विंडोज टाकली, दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या, तरी दिसणार सव्वातीनच्या आसपास. कारण उपकरणांनी अडवलेल्या क्रमांकांमागची रॅम वरच्या पत्त्यांवर हलवण्याची सोयच त्या चिपसेटमध्ये नाही. काही बोर्डांत ही सोय असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, तिथे ‘मेमरी रीमॅप’ असा पर्याय शोधा. बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो ते बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकाखाली मिळतं. पातळ लॅपटॉप असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली नाही ना, हे आधी बघा. तसं असेल तर रॅमचा विषय तिथेच संपला.

ऑपरेटिंग सिस्टिमचं दार फक्त बिटांवर ठरत नाही, आवृत्तीवरही ठरतं. ६४-बिट विंडोज ७ होम प्रीमियमला १६ जीबीची मर्यादा होती आणि त्याच विंडोज ७च्या प्रोफेशनलला १९२ जीबीची. यामागे तंत्रापेक्षा दुकानदारी जास्त. विंडोज १० होम १२८ जीबीपर्यंत जाते, तेव्हा आता हा त्रास सहसा कोणाला होत नाही.

चौथं दार प्रोग्रामचं. १६ जीबी रॅम, त्यातली निम्मी मोकळी, आणि तरी एखादा जुना प्रोग्राम ‘मेमरी संपली’ म्हणून आडवा पडतो. तो ३२-बिटचा असणार. ६४-बिट विंडोजमध्येही अशा प्रोग्रामला २ जीबीच मिळतात, बनवतानाच तशी खूण केलेली असेल तर ४. ओळखायचं असं: टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’वर जा, रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘प्लॅटफॉर्म’ निवडा. प्रत्येक प्रोग्रामसमोर ३२ किंवा ६४ दिसेल. त्या प्रोग्रामची ६४-बिट आवृत्ती टाकली की काम झालं. रॅम वाढवून तिथे काडीचाही फरक पडणार नाही.

पायरी ४: खरंच मेमरी कमी पडतेय का?

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. मशीन नुकतं चालू केलंय, काही उघडलेलं नाही, अशा वेळी बघून उपयोग नाही. रोज ज्या कामाला ते रखडतं तेच काम सुरू करा, आणि रखडायला लागलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये जा.

‘मेमरी’वर क्लिक केलं की खाली बरेच आकडे दिसतात. ‘इन यूज’ ७० टक्के पाहून घाबरू नका. उरलेली मोकळी रॅमही ऑपरेटिंग सिस्टिम रिकामी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली ती तिथे धरून ठेवते, पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. ते ‘कॅश्ड’मध्ये दिसतं आणि गरज पडली की क्षणात सोडून देता येतं. पाहायचं ते ‘अव्हेलेबल’. हा आकडा काही शे एमबीवर येऊन तिथेच घुटमळत असेल तर ओढाताण आहे. मग ‘कमिटेड’ पहा. तिथे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रामना मिळून दिलेला शब्द, दुसरा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेज फाइल (रॅममध्ये न मावलेला माल ठेवण्याची जागा) धरून तो पाळण्याची ऐपत. पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच मोठा दिसत असेल तर काही भाग डिस्कवर ढकलला जातोय असं समजायला हरकत नाही.

डिस्कवर ढकलणं एवढं महाग का, ते आकड्यांत बघा. रॅममधून एक नोंद आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तो वेळ एक सेकंद धरला, तर प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅश नावाच्या छोट्या मेमरीतली नोंद सेकंदाच्या शंभराव्या भागात मिळते, साध्या एसएसडीवरून, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवरून, आणायला सुमारे १७ मिनिटं लागतात आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला जवळपास २८ तास. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी. मेमरी तुकड्यातुकड्यांनी हलते, पीसीवर हा तुकडा बहुधा ४ केबीचा असतो आणि त्याला पेज म्हणतात. हवं ते पेज रॅममध्ये नाही असं आढळलं की प्रोग्राम थांबतो, सिस्टिम दुसरं एखादं पेज बाहेर काढून जागा करते आणि हवं ते आणते. अधूनमधून झालं तर कळतही नाही. पण ज्याला आत्ता बाहेर काढलं तेच पुढच्या क्षणी हवं असेल, तर यंत्र काम सोडून नुसत्या खेपा घालत बसतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८मध्येच हे उलगडून मांडलं होतं: प्रत्येक प्रोग्रामला एका वेळी लागणाऱ्या पेजांचा एक संच असतो, सगळ्यांचे संच मिळून रॅममध्ये मावेनासे झाले की वेग हळूहळू उतरत नाही, धाडकन कोसळतो. म्हणून तर ब्राउझरच्या दहा टॅबपर्यंत सगळं सुरळीत असतं आणि अकराव्याला माऊसचा बाणही हलत नाही. हार्ड डिस्कच्या मशीनला कान लावलात तर ती कर्र कर्र ऐकूही येते.

नेमकं मोजायचं असेल तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून ‘मेमरी’त ‘हार्ड फॉल्ट्स’चा, म्हणजे पेजसाठी डिस्कपर्यंत माराव्या लागलेल्या खेपांचा, आलेख पहा. मधूनच एखादं टोक वर आलं तर चालतं. सतत शेकड्यांत असेल तर निदान झालं.

आता तीन चित्रं डोळ्यांसमोर ठेवा. मेमरी काठोकाठ, डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर मात्र निवांत: रॅम कमी आहे. मेमरी प्रशस्त मोकळी, तरी डिस्क शंभरवर: डिस्कच मंद आहे, एसएसडी टाका, दुसरं काही करू नका. डिस्क शांत, मेमरी मोकळी, प्रोसेसर तापलेला: चिप कमी पडतेय. या तिसऱ्या चित्रात एक फसवणूक असते. चार कोअरच्या, म्हणजे एकाच चिपमध्ये चार स्वतंत्र कामकरी असलेल्या, मशीनवर एकाच कोअरवर चालणारा प्रोग्राम तो कोअर पूर्ण पिळून काढत असला, तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून ‘चेंज ग्राफ टू’मधून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, म्हणजे एक चौकोन भरलेला आणि बाकीचे रिकामे असं दिसेल.

जाता जाता दोन गोष्टी. पेज फाइल बंद केली की वेग वाढतो हा सल्ला ऐकू नका. ती बंद केलीत तर थ्रॅशिंगऐवजी प्रोग्राम थेट बंद पडतील, एवढाच फरक. आणि ‘रॅम साफ करणारे’ प्रोग्राम काढून टाका. ते वापरातली पेजं बळजबरीने बाहेर ढकलतात, मोकळ्या मेमरीचा आकडा छान दिसतो, आणि मिनिटभराने तीच पेजं परत आणण्यात मशीन दमतं. सिस्टिम स्वतःच याहून शहाणपणाने वागते. विंडोज १०, २०१३नंतरचा मॅक आणि झेडरॅम वापरणारं लिनक्स हे सगळे कमी लागणारी पेजं आधी रॅममध्येच दाबून लहान करतात, डिस्ककडे नंतर जातात.

पायरी ५: प्रोसेसरची जात पहा

गिगाहर्ट्झचा आकडा दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिपांमध्ये तुलनेसाठी वापरू नका. एका ठोक्यात किती काम होतं आणि कॅश किती आहे यावर बरंच ठरतं.

ऑपरेटिंग सिस्टिमला चिपमधल्या काही ठरावीक आज्ञा आणि सोयी लागतात, आणि इथे जुनी मशीन अचानक बाद होतात. विंडोज ८ला एनएक्स ही सुरक्षेची सोय आणि एसएसई२ हा आज्ञांचा संच नसलेली चिप चालली नाही. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती पॉपकाउंट ही आज्ञा नसलेल्या चिपवर सुरूच होत नाही, रॅम कितीही असो.

२०१८च्या सुरुवातीला मेल्टडाउन नावाची चिपमधली खोट उघडकीस आली. ती बुजवण्यासाठी सिस्टिमने आपली आणि प्रोग्रामची पत्त्यांची वही वेगळी ठेवायला सुरुवात केली. प्रोग्रामने सिस्टिमकडे काही मागितलं की वही बदलायची, परतताना पुन्हा बदलायची. हे स्वस्तात करण्याची सोय नव्या चिपांमध्ये होती, जुन्यांना झळ जास्त बसली. ‘अपडेटनंतर जुना संगणक मंदावला’ ही त्या काळातली तक्रार सगळीच मनाची नव्हती.

दोन प्रकारचे कोअर एकत्र असलेल्या इंटेल चिप, म्हणजे २०२१च्या अल्डर लेकपासूनच्या, कुठलं काम कुठल्या कोअरला द्यायचं यासाठी सिस्टिमवर अवलंबून असतात. विंडोज ११ ते जास्त जाणतेपणाने करते. एआरएमवर मुद्दा भाषांतराचा. इंटेल-एएमडी घराण्याच्या चिपसाठी बांधलेले जुने प्रोग्राम तिथे भाषांतर करून चालवले जातात. मॅकवर २०२०च्या एम१पासून हे काम रोझेटा २ करतं आणि चांगलं करतं, पण मूळ एआरएमसाठी बांधलेला प्रोग्राम मिळत असेल तर तोच टाका. भाषांतरात वेळही जातो, मेमरीही.

पायरी ६: आता हात घाला

आधी फुकटचं. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधून न लागणारं सगळं बंद करा. ४ जीबीच्या मशीनवर एवढ्याने कधी कधी भागतं.

सिस्टिम ३२-बिट आणि चिप ६४-बिट निघाली असेल तर नव्याने विंडोज टाकावी लागेल. जुन्यावरून अपग्रेड होत नाही, फॉरमॅट मारावाच लागतो. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पहा. मग प्रिंटर, स्कॅनर, असेल ते प्रत्येक जुनं उपकरण घेऊन त्याचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते शोधा, कारण ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोज घेत नाही. डॉसच्या किंवा विंडोज ३.१च्या काळातला १६-बिट प्रोग्राम अजून वापरत असाल तर तोही चालणार नाही. इंटेल बे ट्रेल चिपच्या स्वस्त टॅबलेटमध्ये वेगळीच गंमत असते: चिप ६४-बिट, पण फर्मवेअर (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) ३२-बिट, त्यामुळे ६४-बिट विंडोजचा पेनड्राइव्ह तिथे बूटच होत नाही.

रॅम घ्यायची ठरली तर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते, तेव्हा पिढी नीट बघून घ्या. एका ८च्या पट्टीपेक्षा दोन ४च्या बऱ्या, कारण दोन वाटांनी माल येतो. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर तो याच रॅममधून वाटा घेतो, आणि तिथे हा फरक चांगलाच जाणवतो. बसवून झाल्यावर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा पूर्ण चालू द्या.

माझ्या त्या मशीनवर शेवटी ६४-बिट विंडोज टाकली. आठपैकी ७.८९ जीबी दिसले, बाकीचा तुकडा ग्राफिक्सने ठेवून घेतला. स्कॅनर मात्र त्या दिवसापासून मुका झाला. त्याचा ६४-बिट ड्रायव्हर कधी निघालाच नव्हता, आणि हे मी फॉरमॅट मारल्यानंतर शोधलं.